लेन्स फिरते तेवढा वेळ

वायडलक्स एफ-७ हातात आला की बहुतेक जण तो आधी समुद्राकडे नाहीतर डोंगराकडे वळवतात. मला विचाराल तर ही नासाडी आहे. एवढ्या रुंद फ्रेममध्ये सह्याद्रीचंही टेकाड होऊन बसतं. हा कॅमेरा गर्दीत घुसून वापरायचा.

पॅनॉन या जपानी कंपनीचं हे यंत्र. रोल नेहमीचाच ३५ मिमीचा, पण आत तो कमानीसारखा वाकून बसतो. पुढच्या गोल डब्यात २६ मिमीची लेन्स. बटण दाबलं की ती सुमारे १४० अंशांत फिरते आणि तिच्यामागची उभी फट फिल्म उजळत जाते. ३६ च्या रोलवर २१ च फोटो. फोकसची भानगड नाही. ११ चं ॲपर्चर ठेवलं की चार-पाच फुटांपलीकडचं सगळं चालून जातं. शटरचे वेग तीनच: १/१५, १/१२५, १/२५०. बोटं मात्र मागे घ्या, नाहीतर तीही फोटोत येतात!

खरी गंमत त्या फटीत आहे. १/२५० वर फिल्मच्या प्रत्येक जागेवर उजेड तेवढाच वेळ पडतो, पण फटीला या कडेपासून त्या कडेपर्यंत जायला त्याहून कितीतरी जास्त वेळ लागतो. म्हणजे फोटोची डावी कड आणि उजवी कड एका क्षणाची नसतेच. दादरच्या फूलबाजारात झेंडूची पाटी डोक्यावर घेतलेला हमाल फटीबरोबर चालला, तर पाटीसकट आडवा ताणला जातो. समोरून उलटा आला, तर चिंचोळा होतो. हॉलिवूडचा नट जेफ ब्रिजेसही वायडलक्सच वापरतो. दोन कडांमधल्या या वेळाचा फायदा घेऊन सहकलाकारांचा हसरा आणि रडवा असे दोन्ही चेहरे त्याने एकेका निगेटिव्हवर घेतले आहेत.

मोबाइलमध्येही पॅनोरमा असतो, कबूल. पण मोबाइल तुकडे जोडतो आणि सांधे लपवायला धडपडतो. इथे जोडायचं काही नसतंच.

जुना वायडलक्स घ्यायचा झालाच, तर काच नंतर बघा. आधी १/१५ वर रिकामाच चालवून कान द्या. डबा फिरताना अडखळला, तर प्रत्येक फोटोत उभे पट्टे येणार.