तापीमायचा भाऊ

अमळनेरहून चोपड्याला येणारी एस.टी. तापीच्या पुलावर आली, तशी पुढच्या बाकावरच्या म्हातारीने खिडकीतून रुपया टाकला आणि हात जोडले. शेजारी नात पाठांतर करत होती. बुध, शुक्र, पृथ्वी, मंगळ, गुरू, शनी... म्हातारी हात जोडलेले तसेच ठेवून म्हणाली, "तापीमायना भाऊ शे तो." पोरगी थांबली नाही. युरेनस, नेपच्यून करून मोकळी झाली. मी शनीपाशीच राहिलो.

तापी सूर्यकन्या. सूर्य आणि छायेची लेक, म्हणजे शनीची सख्खी बहीण. बहिणीची आपण ओटी भरतो आणि भावाचं नाव काढलं की धास्तावतो, हे मला कधीच पटलेलं नाही. शनैश्चर म्हणजे हळू चालणारा, इतकंच. तो सूर्यापासून सुमारे १४३ कोटी किलोमीटर लांब. बापाचा उजेड त्याच्या अंगणात पोचायला ८० मिनिटं लागतात. एवढ्या लांबून फेरी घालणारा एका राशीत अडीच वर्षं रेंगाळणारच. साडेसाती म्हणजे अशा तीन राशी. लोखंड त्याचं म्हणतात, पण तो आहे हायड्रोजन आणि हेलियमचा, पाण्याहून हलका. मावेल एवढा डोह असता, तर तो बहिणीच्या पाण्यावर तरंगला असता.

१९८६चा मे. हॅलेच्या धूमकेतूसाठी आमची गल्ली पहाटे उठून उठून थकली होती. आम्ही धाब्यावर झोपायचो. दिवसभर तापलेल्या मातीवर आजी पाणी शिंपडायची, मग गोधड्या पडायच्या. त्या ओल्या मातीच्या वासापुढे मला आजही कुठलं अत्तर नको. उत्तरेला सातपुड्याची काळी रेघ. दक्षिणेकडे विंचू वर सरकत यायचा, त्याच्या काळजात तांबडी ज्येष्ठा, आणि तिच्या शेजारी एक पिवळसर, न लुकलुकणारा ठिपका. तो शनी, हे कळल्यावर मी गोधडीत तोंड खुपसलं. दर शनिवारी मारुतीला तेल घालणारी आजी. मला वाटलं, तीही हात जोडेल. तिने माझं बोट धरून त्याच्याकडे केलं.

"घाबरू नको. तापी आपली माय ना? मंग तुना मामा शे तो."

नंतर बराच वेळ आम्ही दोघं मामाकडे बघत पडलो होतो. केळीला पाणी सोडायला निघालेल्या कुणाची तरी बॅटरी खालच्या रस्त्याने हलत गेली. आजी कधी झोपली ते कळलं नाही.

चाळीसगावजवळ पाटणच्या देवीच्या देवळात १२०७चा शिलालेख आहे. भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी त्यांचा नातू चांगदेव याने तिथे मठ उभारला. आजोबांचं गणित नातवाने जपलं, याचं मला फार अप्रूप वाटतं. त्या गणितात एका कल्पात, म्हणजे ४३२ कोटी वर्षांत, शनीच्या १४,६५,६७,२९८ फेऱ्या होतात. मी भागाकार करून पाहिला. एका फेरीला साडेएकोणतीस वर्षांना जरासं कमी. आजचा आकडाही तोच.

२०१६च्या मेमध्ये तो पुन्हा ज्येष्ठेशेजारी आला. धाब्याच्या जागी स्लॅब होता, पाण्याची टाकी होती, आजी नव्हती. गच्ची अजून गरम होती. मी उभ्यानेच पाहिलं आणि खाली आलो.

आता तो तिथे येईल २०४५च्या उन्हाळ्यात. तेव्हा आधी पाणी शिंपडायचं, मग गोधडी टाकायची.