हिरड्याचे पाणी

राजुरीहून मुंबईस जाताना माळशेजचा घाट, तेथील धुके आणि पुढचा कल्याणपर्यंतचा रस्ता केव्हा सरला हे मला कळलेही नाही. कारण या खेपेस माझे चित्त फोर्टातील एका इमारतीपाशी, सेंट थॉमस कॅथीड्रलपाशी, आधीच जाऊन पोहोचले होते. जिच्यावरून चर्चगेट हे नाव पडले तीच ही इमारत. १६७६ साली तिचा पाया घातला गेला, पण भिंती थोड्याशा उठल्या न उठल्या तोच काम बंद पडले, आणि रिचर्ड कॉब या पाद्रीसाहेबाने वर्गणीची खटपट केली तेव्हा कोठे १७१८ च्या नाताळात तिची दारे उघडली.

मला मात्र बांधणाऱ्यांपेक्षा सांभाळणाऱ्याचे कुतूहल अधिक होते. वास्तुविशारद विकास दिलावरी यांच्या देखरेखीखाली झालेल्या हिच्या जीर्णोद्धाराला २००४ साली युनेस्कोचा पुरस्कार मिळाला. पुढे भायखळ्याचे भाऊ दाजी लाड संग्रहालय, ग्लोरिया चर्च अशी जुन्याच वास्तूंची शुश्रूषा करण्यात या गृहस्थाने आपली कारकीर्द वेचली. लंडनच्या सेंट पॉल कॅथीड्रलला तर क्रिस्टोफर रेनच्या काळापासून अशा निगराणीसाठी स्वतंत्र पदच आहे.

सेंट थॉमसच्या आवारातल्या सावलीत एक वृद्ध गवंडी विसावला होता. शहरातल्या जुन्या इमारतींच्या चुनेकामात त्याचा जन्म गेलेला. ‘‘बाबा, सिमेंट चुन्याहून घट्ट, मग जुन्या भिंतीला ते का चालत नाही?’’ असे मी विचारले, तेव्हा त्याने तंबाखूची चिमूट बाजूला ठेवली आणि भिंतीवर तळहात टेकवला.

‘‘मास्तर, भिंतीला घाम येतो. चुना तो बाहेर सोडतो, सिमेंट कोंडतं. कोंडलेलं पाणी मग दगडच फोडून बाहेर येतं.’’

माझ्या डोळ्यांसमोर आमच्याकडचे एक जुने देऊळ उभे राहिले. मोठ्या भक्तिभावाने त्याचे सांधे सिमेंटने भरले गेले, वर तैलरंगाचे दोन हात बसले, त्या वर्गणीत माझेही पैसे होते. आणि आता गाभाऱ्याच्या दगडाचे पापुद्रे बोट लावताच हाती येतात.

चुना कसा करतात हे तो सांगू लागला : विरवलेला चुना घाणीत मळायचा, आणि त्यात घालायचे गुळाचे व भिजवलेल्या हिरड्याचे पाणी. हिरडा! जुन्नर-आंबेगावच्या पश्चिमेकडील रानांत महादेव कोळी बांधव जो वेचतात आणि ज्याच्या पोत्यांच्या थप्पी मी बाजारात लहानपणापासून पाहत आलो, तो आमचा हिरडा दगड सांधण्याच्या कामी येतो, हे मला पन्नाशी उलटल्यावर मुंबईत कळावे!

‘‘हिरडा तुमच्याकडचाच चांगला,’’ असे म्हणून त्याने तंबाखूची चिमूट पुन्हा उचलली.

 

आपल्या देवळांत पूजेला पुजारी आहे, गुरव आहे, दिवाबत्तीला इनामे होती. दगडाकडे पाहणारा मात्र कोणी नेमलेला नाही. म्हणून आमच्या भागातील विश्वस्तांना माझी हात जोडून विनंती आहे, की सिमेंटची पहिली गोणी फोडण्यापूर्वी जुन्या सांध्यातला चुन्याचा एक खपला एखाद्या जाणत्या माणसास दाखवावा.