नानांचे फोटो आणि रमाआजीची नावं

सांगली

चि. अनघास,


नानांची हार्ड डिस्क तू सांभाळायला घेतेस, हे वाचून बरं वाटलं. ‘सगळं गुगल फोटोजवर चढवून टाकते, म्हणजे प्रश्न मिटला,’ असं लिहिलंस, तिथे मात्र माझं तुझ्याशी पटत नाही. चढव, जरूर चढव, पण त्यावर विसंबू नकोस. २०१५ साली ती सोय निघाली तेव्हा प्रत थोडी कमी करून घ्यायची तयारी असली की हवे तितके फोटो फुकट ठेवता यायचे. १ जून २०२१ पासून नवे फोटो १५ जीबीच्या हिशेबात धरू लागले, तेही जीमेल आणि ड्राइव्ह मिळून. यात गैर काही नाही, दुकान त्यांचं आहे. दोन वर्षं कुणी खातं उघडलंच नाही, तर ते मिटवायचा हक्कही त्यांनी राखून ठेवलाय. शिवाय फोनवर त्या ॲपमधून फोटो पुसलास की तिकडचाही जातो. कचरापेटीत साठ दिवस राहील तेवढाच. दोन ठिकाणी दिसतो म्हणून त्याला दुसरी प्रत म्हणायचं नाही.

खरी अडचण जागेची नाहीच. फोटो राहतील गं, पण त्यातली माणसं कोण हे कुणाला कळणार? नानांनी स्कॅन केलेला वाड्यातला ग्रुप फोटो उघडून बघ. मागच्या रांगेतल्या बायकांपैकी तुला किती ओळखू येतात? आपल्याकडे लग्नात मुलीचं नाव बदलायचे, म्हणजे एकाच बाईला माहेरचे इंदू म्हणतात आणि सासरचे सुनंदा. त्यात प्रत्येक घरात एक आक्का, एक माई. तू चेहऱ्याला ‘आजी’ असा टॅग लावलास तर तुझ्या मुलीच्या दृष्टीनं ती कुणाची आजी? तेव्हा टॅग पुरा लिही: सासरचं नाव, आडनाव, कंसात माहेरचं. पुरुषांचंही तेच, ‘बंडू’ आपल्या घराण्यात तीन तरी सापडतील.

ही नावं कुठे लिहितेस याला फार महत्त्व आहे. नाना पिकासा वापरायचे. गुगलनं ते २०१६ साली बंद केलं. फोटोखाली लिहिलेली ओळ पिकासा जेपेगच्या फाइलीतच घालत असे, म्हणून ती आजही दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये वाचता येते. पण त्यात जुळवलेले अल्बम पिकासाच्या स्वतःच्या वहीत राहायचे. प्रोग्रॅम गेला की वहीही गेली. म्हणून मी डिजिकॅम घेतलं. ते फुकट आहे, विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हीवर चालतं, आणि त्यातला अल्बम म्हणजे डिस्कवरचं साधं फोल्डर. उद्या डिजिकॅम बंद पडलं तरी फोल्डर कुठे जात नाही. त्याच्या सेटिंग्जमध्ये मेटाडेटा म्हणून विभाग आहे. कॅप्शन, टॅग आणि चेहऱ्यांची नावं फाइलीत लिहायची, अशा खुणा तिथे केलेल्या आहेत ना, हे काम सुरू करण्याआधी बघ. नाहीतर सगळी मेहनत त्याच्या डेटाबेसमध्येच अडकून राहील. चेहरे ते आपणहून ओळखायला बघतं, फोटो तुझ्या कॉम्प्युटरबाहेर न पाठवता. पण आपल्या घरातली नाकं एकाच साच्यातली, त्यामुळे मायलेकींमध्ये गोंधळ घालतं. त्याचा प्रत्येक अंदाज तपासून मगच हो म्हण.

फोल्डरचं नाव तारखेनं सुरू कर, आधी वर्ष, मग महिना, मग दिवस, आणि पुढे प्रसंग. ती आपोआप ओळीनं लागतात. कॅमेरा प्रत्येक फोटोत तारीख-वेळ घालतो. एक्झिफ नावाची ही पद्धत जपानच्या इलेक्ट्रॉनिक उद्योगाच्या संघटनेनं १९९५ मध्ये ठरवली. पण कॅमेऱ्याचं घड्याळच चुकीचं असेल तर अख्खी सहल भलत्या साली पडते. एका फोटोची खरी वेळ माहीत असली की डिजिकॅममध्ये सगळे फोटो तेवढ्याच फरकानं सरकवता येतात. स्कॅनची गोष्ट वेगळी. तिथे बहुधा स्कॅन केल्याचा दिवस येऊन बसतो आणि १९६८ चं लग्न परवा झाल्यासारखं दिसतं. नुसतं वर्ष माहीत असेल तर मी १ जानेवारी घालते आणि कॅप्शनमध्ये ‘अंदाजे’ लिहिते. फोटोच्या मागे स्टुडिओचा शिक्का किंवा पेन्सिलीनं काही लिहिलेलं असेल, तर तीही बाजू स्कॅन कर.

व्हॉट्सॲपवरून आलेले फोटो सगळ्यांत तापदायक. पाठवताना ते फोटो लहान करतं आणि आतली तारीख काढून टाकतं. अँड्रॉइडवर फाइलीच्या नावात तारीख आणि ‘डब्ल्यूए’ दिसतं, पण ती व्हॉट्सॲपवर आल्यागेल्याची तारीख, काढल्याची नव्हे. यापुढे कुणी पाठवणार असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांग, मूळ फाइल जशीच्या तशी येते. डुप्लिकेट शोधताना डिजिकॅम मूळ फोटो आणि ही लहान प्रत शेजारी आणून ठेवेल. कुठली पुसायची ते आकडे बघून ठरव. गुड मॉर्निंगच्या फुलांबद्दल मी काही बोलत नाही.

आता प्रतींचं. पीटर क्रोग नावाच्या अमेरिकन छायाचित्रकारानं रूढ केलेला ३-२-१ चा नियम आहे: तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक घराबाहेर. यातलं शेवटचं कलम आम्हा सांगलीकरांना समजावून सांगावं लागत नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेचं पाणी गावभागातल्या घराघरांत शिरलं, तेव्हा कपाटाच्या खालच्या खणातले अल्बम चिकटून लगदा झाले. त्या खणात दोन डिस्का शेजारी शेजारी असत्या, तर दोन्ही गेल्या असत्या. म्हणून एक डिस्क तुझ्याकडे पुण्यात, एक माझ्याकडे वरच्या मजल्यावर, आणि तिसरी प्रत तुझ्या त्या गुगलवर. अधूनमधून डिस्क जोडून चार-दोन फोटो खरंच उघडून बघायचे. कॉपी पूर्ण झाल्याचा संदेश आला, एवढ्यावर खूश व्हायचं नाही.

पण डिस्का थांबू शकतात, रमाआजी नाही. ग्रुप फोटोतल्या दोघींची नावं आता तिलाच माहीत असणार. फोन सकाळी दहाच्या सुमारास कर, दुपारी ती झोपते. फोटो आधी तिच्या सुनेच्या फोनवर पाठव, चेहऱ्यांवर आकडे घालून, म्हणजे ‘ती निळ्या लुगड्यातली’ असा घोळ होणार नाही. फोटो काळापांढरा आहे, पण रमाआजीला लुगड्यांचे रंगही आठवतात. तेही लिहून घे.

तुझी
मावशी