शुश्रूषेचें माप

रुग्णाचें सर्व कांहीं दुसऱ्यानें करून द्यावें, ह्यालाच शुश्रूषा म्हणावयाचें, अशी आपल्याकडे सार्वत्रिक समजूत आहे. ज्वरानें ग्रासलेल्या मनुष्याच्या बाबतींत ती बरीचशी खरीही आहे. परंतु अर्धांगवायूनें एक बाजू लुळी पडलेल्या, किंवा मांडीचें हाड मोडल्यावर पुन्हा चालावयास शिकणाऱ्या मनुष्याच्या बाबतींत तीच समजूत घातक ठरते. अशा रुग्णासाठीं जें जें आपण करीत जातों, तें तें करण्याची त्याची शक्ति क्षीण होत जाते.

आमच्या वडील बंधूंस, दादांस, अर्धांगाचा झटका आला. इस्पितळांतून सुटल्यावर त्यांना पुण्यांतील एका लहानशा शुश्रूषा-केंद्रांत ठेवावें लागलें. खाटा अवघ्या चौदा. सात आठवडे आमचें तेथें रोजचें जाणें-येणें होतें. कित्येक रात्रीं मुक्कामही घडला. केंद्र स्वच्छ होतें, चादरी वेळेवर बदलत, औषधांची वही चोख होती. आमचें लक्ष मात्र तेथील एका मावशींकडे लागून राहिलें. त्या दादांच्या उजव्या, दुबळ्या हातांत चमचा देत आणि शेजारीं स्टुलावर बसून राहात. वरणभात संपावयास पाऊण तास लागे. निम्मा अंगावर सांडे. भेटीस आलेल्या एका आप्तांनीं, "अहो, भरवा ना त्यांना!" म्हणून मावशींस दटावलें. "भरवायला मला दहा मिनिटं पुरतील हो," मावशी शांतपणें म्हणाल्या, "पण मग दादांचा हात कोण उचलणार?" पांचव्या आठवड्यांत दादांनीं न सांडतां घांस तोंडापर्यंत नेला.

रात्रीचें चित्र निराळें असे. चौदा खाटांस एकच मामा. त्यामुळें, जे आधारानें न्हाणीघरापर्यंत चालूं शकत, त्यांनाही निजतेवेळीं डायपर बांधण्यांत येई. मामा निर्दय नव्हते. एकाला चालवीत नेतांना दुसरा खाटेवरून पडला तर काय, ही त्यांची भीति खरी होती. परंतु दादांनीं लाजेनें दुपारी चारनंतर पाणी पिणेंच सोडलें. सकाळीं त्यांना ग्लानि असे, व्यायामास उभें राहवत नसे. मावशींनीं दिवसा जें कमवावें, तें रात्रीं असें गमावलें जाई.

डॉ. लुडविग गुटमान यांनीं 1944 सालीं इंग्लंडांत स्टोक मँडेव्हिल येथें पाठीच्या कण्यास इजा झालेल्यांसाठीं विभाग उघडला. त्यापूर्वीं असे रुग्ण शय्याव्रणांनीं किंवा मूत्रमार्गाच्या विकारानें बहुधा लौकरच दगावत. गुटमान यांनीं रुग्णास दर दोन तासांनीं, रात्रींसुद्धां, कुशीवर वळविण्याचा दंडक घातला, आणि त्याला काम करावयास व खेळावयास लावलें. 1948 सालीं तेथें भरविलेल्या स्पर्धांतूनच पुढें पॅरालिंपिक खेळ उदयास आले. रुग्णास कुशीवर वळविण्यास मोठें यंत्र लागत नाहीं. रात्रीं जागीं असलेलीं माणसें लागतात.

आपल्याकडे शुश्रूषागृहांच्या नोंदणीचा मुंबई कायदा 1949 सालीं झाला. नोंदणींत खाटा मोजतां येतात, शिकलेल्या परिचारिका मोजतां येतात. एखाद्या मावशीनें पाऊण तास वाट पाहिली कीं नाहीं, हें कोणत्या रकान्यांत लिहावयाचें?

आम्ही केंद्राच्या चालकांशीं बोललों. त्यांनीं जमाखर्चाची वहीच पुढें ठेवली. रात्रीं आणखी एक मनुष्य नेमावयाचा, तर त्याचा पगार रुग्णांच्याच शुल्कावर चढणार. नऊ कुटुंबांनीं होकार दिला. पांचांना तें झेपणारें नव्हतें. अखेरीस दुसरा मनुष्य आला, तो रात्रीं दहापासून दोनपर्यंतच. दादांचें डायपर सुटलें, आणि त्यांचा पाण्याचा तांब्या पुन्हा उशाशीं आला. ज्यांना दोननंतर उठावें लागे, त्यांचें मात्र सुटलें नाहीं.

असें केंद्र निवडण्याची पाळी ज्या वाचकांवर येईल, त्यांस आमचें सांगणें एवढेंच कीं, भिंतींचा रंग आणि उपकरणें खुशाल पाहावीं. पण जेवणाच्या वेळीं जाऊन ताट रुग्णापुढें किती वेळ राहूं देतात तें पाहावें, आणि रात्रीं किती माणसें जागीं असतात तें विचारावें. त्या माणसांपायीं थोडे अधिक पैसे पडले, तर ते औषधाच्या खर्चांत धरावे.