मोहोळ ते ड्रेस्डेन, व्हाया कडक भाकरी

रविवारी दुपारी दोन वाजता घरात खायला काहीच नाही असं लक्षात आलं, की आपण काय करतो? चपला अडकवतो, खाली उतरतो, वडापाव आणतो. फारच कंटाळा आला तर मोबाइलवर ऑर्डर! २७ ऑक्टोबर २०२४च्या रविवारी मीही तेच करायला निघाले. जॅकेट, टोपी, मफलर असा सगळा संसार अंगावर चढवला, तीन जिने उतरले आणि बघते तर काय... सगळं बंद. पहिलं सुपरमार्केट बंद, दुसरं बंद, तिसरंही बंद. मला वाटलं, कोणीतरी मोठा नेता गेला!

जर्मनीत रविवारी दुकानं बंद ठेवायचा कायदाच आहे, हे नंतर कळलं. मुख्य रेल्वे स्टेशनातली काही दुकानं उघडी असतात, हे त्याच्याही नंतर.

मी मोहोळची. पुण्याहून हायवेने निघालात, की सोलापूरच्या अलीकडे पस्तीसेक किलोमीटरवर आमचं गाव. तुम्ही बहुतेक तिथून झोपेत गेला असाल. नागनाथाचं देऊळ, उसाच्या ट्रॉल्या आणि उन्हाळ्यात बेचाळीस-त्रेचाळीस डिग्री. तिथून मी निघाले ड्रेस्डेनच्या टेक्निकल युनिव्हर्सिटीत ‘हायड्रो सायन्स अँड इंजिनिअरिंग’ शिकायला. साध्या मराठीत, पाण्याचा अभ्यास. ‘पाणी शिकायला एवढ्या लांब? आपल्याकडं नाही म्हणून काय?’ असं शेजारच्या काकू म्हणाल्या होत्या. जोक भारी होता, पण त्यात तथ्य होतंच ना!

जर्मनीच्या सरकारी युनिव्हर्सिटीत बहुतेक ठिकाणी फी नसल्यातच जमा, हे ऐकून घरी सगळे खूश. मग कळलं, की वर्षभराच्या खर्चाचे ११,९०४ युरो आधीच एका खास खात्यात भरायचे. त्यातले महिन्याला ९९२ आपल्याला मिळणार. म्हणजे अकरा लाखांच्या आसपास. अण्णांनी दोन एकर तारण ठेवून कर्ज काढलं. घरी त्यावर चर्चा झालीच नाही. फक्त त्या दिवशी अण्णा बँकेत जाताना इस्त्रीचा शर्ट घालून गेले, एवढं मला आठवतं.

स्वस्त तिकीट मिळालं त्या तारखेला, म्हणजे लेक्चर सुरू झाल्यावर तीन दिवसांनी मी पोचले. पुढचे दहा दिवस नुसते धक्के. राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत पत्ता सरकारदरबारी नोंदवायचा. कचरा चार डब्यांत वेगवेगळा टाकायचा. पाण्याची रिकामी बाटली दुकानातल्या मशिनला परत दिली, की पंचवीस सेंट मिळतात, म्हणून मी बाटल्या सोन्यासारख्या जपायला लागले. मार्कांचं तर उलटंच! १.० म्हणजे सगळ्यात भारी आणि ५.० म्हणजे नापास. आणि प्रत्येक गोष्टीचे मनातल्या मनात रुपये करायचे. एक कॉफी पावणेतीनशेला! प्यायलेच नाही.

क्लासमध्ये सगळे चांगले होते, पण प्रत्येकाचं आपापलं चाललेलं. शुक्रवारी संध्याकाळी शेवटचं ‘च्यूस’ म्हणाले, ते रविवारपर्यंत माझं तोंड कोणाशी उघडलंच नव्हतं. आईला फोनवर रोज सांगायचे, ‘एकदम मजेत.’ ती विचारायची, ‘जेवलीस का?’ मी म्हणायचे, ‘हो, भात-वरण.’ वरण कुठलं डोंबलाचं!

तर तो रविवार. त्या पहाटे इथली घड्याळं एक तास मागे नेतात. लोक खूश, एक तास जास्त झोप मिळते म्हणून. मला मात्र तो एकटेपणाचा ओव्हरटाइम वाटला. पाचच्या आधीच अंधार पडला. दुसऱ्या दिवशी वसुबारस, घरी फराळाचे डबे भरलेले. मी बॅग उपसली. तळाशी कडक भाकरीची पिशवी आणि शेंगाचटणी. सोलापूरकरांना सांगायला नको, पापडासारखी पातळ ज्वारीची ती भाकरी महिना-महिना टिकते. कॉमन किचनमध्ये बसून कडाकड मोडून खात होते आणि रडत होते. चटणी तिखट होती, असं म्हणायला जागा होती, तेवढं बरं.

मग लॅपटॉप उघडला आणि परतीच्या तिकिटांचे दर बघायला लागले. गंमत म्हणून नाही, सीरियसली.

रात्री साडेनऊला अण्णांना फोन लावला. लावल्यावर लक्षात आलं, तिकडे दोन वाजलेत! कट करणार, तोच पहिल्या रिंगला उचलला.

‘काय गं, झोपली नाहीस?’

‘तुम्ही का जागे?’

‘दारं धरलंय. ह्या आठवड्यात लाईट रात्रीची आहे.’

मागून पाण्याचा आवाज येत होता. शहरातल्या वाचकांसाठी सांगते. शेतीच्या पंपाची वीज एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री मिळते. रात्रीची पाळी असली, की माणूस बॅटरी घेऊन शेतात. एक वाफा भरला, की मातीने तोंड बंद करायचं, पुढच्याचं उघडायचं. साप, विंचू, थंडी सगळं तिथेच. हे मी लहानपणापासून बघत आले होते. पण माझ्या अकरा लाखांचं पाणी असं रात्री दोनला भरलं जातं, हे त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

मी म्हणाले, ‘अण्णा, मला परत यावंसं वाटतंय.’

जरा वेळ नुसतं पाणीच वाजत राहिलं. मग म्हणाले, ‘ये की. घर काय कुठं गेलंय? पण थंडीला भिऊन येऊ नको. नापास झालीस तर ये.’

आणि लगेच, ‘तिथं लाईट रात्रभर असती का?’

‘असते.’

‘मग बस अभ्यासाला. थांब, वाफा फुटला,’ म्हणून फोन ठेवला.

हसूही आलं आणि रडूही. तिकिटांचं पान बंद केलं. सोमवारी लेक्चरनंतर शेजारी बसणाऱ्या मुलीला मीच म्हटलं, ‘कॉफी घेऊया का?’ रुपये केले नाहीत.

सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली युद्ध चालू असलेल्या चीनमध्ये गेले आणि तिथली भाषा शिकून तिथेच काम करत राहिले. आनंदीबाई जोशी १८८३ साली अठराव्या वर्षी बोटीने अमेरिकेला गेल्या. त्यांना घरचं पत्र मिळायलाही आठवडे लागायचे. माझ्याकडे तर पहिल्या रिंगला उचलला जाणारा फोन होता!

सप्टेंबर २०२५मध्ये सीना नदीला मोठा पूर आला, तेव्हा मी इथे पुराच्या गणितांच्याच परीक्षेची तयारी करत होते. फोन लावला, तर अण्णा म्हणाले, ‘ऊस आडवा झालाय. पाणी उतरतंय. तू पेपर दे.’ दिला. १.७ मिळाले. अण्णांना सांगितलं, तर घाबरून म्हणाले, ‘एवढे कमी?’