हिरवळ आणि हिरवा गालिचा

आमच्या धर्मग्रामातील शाळेच्या मैदानावर कृत्रिम हिरवळ अंथरावी, असा प्रस्ताव काही पालकांनी मांडला आहे. त्यामागील तळमळ मी जाणतो. वसईच्या पावसात मैदानाचा चिखल होतो आणि मुले वर्गात कोंडली जातात. १९७६ च्या माँट्रियल ऑलिंपिकमध्ये हॉकी प्रथमच कृत्रिम मैदानावर खेळली गेली. आदल्याच वर्षी विश्वचषक जिंकलेला भारत तेथे सातवा आला. सवयीच्या मैदानाचे मोल तेव्हा साऱ्या देशाला कळले.

तरीही मन कचरते. हा गालिचा आठ-दहा वर्षांत झिजतो, म्हणजे खर्च पुन्हा दारात उभा. मार्च-एप्रिलच्या उन्हात तो गवताहून कितीतरी अधिक तापतो. त्यात पसरलेले रबराचे कण पावसाबरोबर ओहोळात जातात; युरोपीय संघाने २०२३ मध्ये अशा कणांवर बंदीचा निर्णय घेतला, अंमलासाठी मात्र आठ वर्षांची मुदत दिली.

याहून मोठा प्रश्न निराळाच आहे. इतका पैसा ओतल्यावर मैदान भाड्याने द्यावे लागेल. मग सायंकाळी अनवाणी खेळणारी पाड्यावरची मुले कुंपणाबाहेरच उभी राहतील. ख्रिस्ताने बालकांना अडवू नका असे सांगितले. आपण पैशाचे फाटक लावावे काय?

चर खणून पाण्याचा निचरा करावा, मातीची भर घालावी, एक चांगला क्रीडाशिक्षक नेमावा. माझा कौल मातीला आहे.