अनुमोदक

आमच्या गावी वर्षातून चार ग्रामसभा होतात, असे कागदोपत्री म्हणता येईल. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम, १९५८ याचे तसे बंधन आहे आणि प्रजासत्ताक दिन, महाराष्ट्र दिन, स्वातंत्र्यदिन व गांधी जयंती हे दिवस त्यासाठी बहुतेक ठिकाणी रूढ झालेले आहेत. परंतु लोकांच्या मनात सभा म्हणजे एकच, १५ ऑगस्टची. झेंडावंदन आटोपते, शाळेतील मुलांना बिस्किटांचे पुडे वाटले जातात आणि मोठी माणसे मारुतीच्या देवळापुढील मंडपात जाऊन बसतात. वर्षभर साठलेले सारे त्या दिवशी निघते.

या सभेला मी एकतीस वर्षे गेलो नव्हतो. त्या दिवशी बाहेरगावची माणसे गावात आलेली असतात, दुकानात गर्दी असते. शिवाय चातुर्मास चालू असल्याने सकाळी स्थानकात प्रवचन असते. कारणे खरी होती, म्हणूनच सोयीची होती. दुपारी ग्रामपंचायतीचा शिपाई रजिस्टर घेऊन दुकानात येई. गणपूर्तीसाठी एकूण मतदारांपैकी पंधरा टक्के किंवा शंभर, यांपैकी जी संख्या कमी असेल तितकी माणसे हजर लागतात. तेवढी न भरल्यास सभा तहकूब करावी लागते. शिपाई जेथे बोट ठेवी तेथे मी गादीवर बसल्या बसल्या सही करी आणि त्याच्या मुलासाठी दोन गोळ्या हातावर ठेवी. यात काही वावगे आहे असे मला कधी वाटले नाही. आपण सहकार्य करतो अशीच माझी समजूत होती.

तीन वर्षांपूर्वी मी गेलो, तेही गावाच्या काळजीने नव्हे. घरपट्टीची फेरआकारणी व्हायची होती. दुकानांचा दर वाढेल या भीतीने पेठेतील आम्ही मंडळींनी ठरविले की कोणीतरी जाऊन बोलावे. वयाने मोठा म्हणून मला पाठविण्यात आले.

आरंभी ग्रामसेवकांनी मागील सभेचे इतिवृत्त वाचले. ते अशा गतीने वाचले जाते की ऐकणाऱ्याला शब्द न कळता नुसता सूर कळावा. त्यातच एक ठराव आला : पेठेतील गटाराचे काम समाधानकारक पूर्ण झाले असून पाण्याचा निचरा सुरळीत होत आहे, यास सभा एकमताने मान्यता देत आहे. पुढे सूचकाचे नाव आले. नंतर ‘अनुमोदक’ आणि माझे संपूर्ण नाव, वडिलांच्या नावासह. प्रामाणिकपणे सांगतो, चारचौघांत आपले पूर्ण नाव मोठ्याने वाचले गेल्याचे क्षणभर बरेच वाटले. मग ध्यानात आले की ज्या सभेत मी अनुमोदन दिले, त्या सभेला मी नव्हतो.

पाण्याचा विषय निघाला. तीन दिवसांआड नळ, त्यातही खालच्या आळीला शेवटची दहा मिनिटे. एका तरुणाने हिवरे बाजारचे उदाहरण दिले : तेथे पावसाअखेर गावात किती पाणी आहे याचा ताळेबंद ग्रामसभेत मांडतात आणि मग कोणते पीक घ्यायचे ते ठरवितात. मागून कोणीतरी म्हणाले, “तिथं लोक सभेला बसतात बाबा.” हशा झाला. मीही हसलो. स्मशानभूमीचा रस्ता, शाळेची गळकी खोली, विजेचे खांब हे विषय दरवर्षीप्रमाणे येऊन गेले.

मग खालच्या आळीतील एक वृद्ध बाई उभ्या राहिल्या. त्यांना मी लहानपणापासून ओळखतो; मी त्यांना मावशी म्हणतो. आदल्या दिवशीच्या महिला सभेतही त्यांनी हाच विषय मांडला होता, पण तो कागद पुढे आलाच नव्हता.

“आत्ता ज्यांचं नाव वाचलं ते शेठ हितंच बसल्यात,” त्या म्हणाल्या. “त्यांनाच इचारा गटार कुठंय ते. आषाढात माझ्या घरात गुडघाभर पाणी आलं. रेशनचे गहू भिजले, नातीची वह्या-पुस्तकं गेली. पाणी जाणार कुठं? शेठ, तुमच्या ओट्याखालून गटार वाहतं का न्हाई, तेवढं सांगा.”

मी उठलो आणि जे बोलू नये तेच बोललो. ओटा माझ्या वडिलांनी बांधला आहे, चाळीस वर्षे तो तेथे आहे, आजवर कोणी हरकत घेतली नाही.

“हरकत कशी घेणार, शेठ? आमची समद्यांची नावं तुमच्या वहीत हायेत.”

मंडपात शांतता पसरली. मी समोर पाहिले आणि सवयीने, माझी इच्छा नसताना, मनात आकडे उमटू लागले. खांबाला टेकून बसलेला, सहाशे. त्याच्या शेजारचा, अकराशे आणि बैलपोळ्याचा माल वेगळा. पलीकडचे दोघे भाऊ, जुने खाते. उधारी हा आपण लोकांवर केलेला उपकार आहे असे आम्ही घरात नेहमी म्हणत आलो. अडीअडचणीला गावाला आम्हीच धान्य दिले, हे खोटेही नाही. पण त्या उधारीने चाळीस वर्षे एका आळीचे तोंड बंद ठेवले होते, ही नोंद आमच्या कोणत्याच वहीत नव्हती.

ग्रामसेवकांनी नमुना आठची नोंदवही काढली. दुकानाची खोली बेचाळीस फूट लिहिलेली होती. दोन तरुण टेप घेऊन गेले आणि परत येऊन म्हणाले, साडेपंचेचाळीस. साडेतीन फूट आमचे नव्हते. कायद्याने ग्रामपंचायत सदस्याचे अतिक्रमण सिद्ध झाले तर त्याचे सदस्यत्व जाते. दुकानदाराचे तसे काही जात नाही, म्हणून त्याला विसरणे सोपे पडते.

मी म्हणालो, “बघतो.” सरपंच लगेच म्हणाले, “शेठ बघतो म्हणाले, नोंद घ्या.” मावशी अजून उभ्याच होत्या. “‘बघतो’ नका लिहू. तारीख लिव्हा.” माझ्या तोंडून निघून गेले, “संवत्सरीच्या आत.” ग्रामसेवकांनी कोणती तारीख म्हणून विचारले आणि भिंतीवरचे कॅलेंडर शोधू लागले.

घरी त्या रात्री कोणीच नीट बोलले नाही. मुलाचे म्हणणे, टेम्पो मागे लागतो तो ओट्यामुळे. पोती उतरविणे कठीण होईल. पेठेतील दुकानदार सकाळीच आले. त्यांचा राग रास्त होता : मी घरपट्टी कमी करायला गेलो आणि ओटे पाडण्याची तारीख घेऊन आलो. ओटा माझा एकट्याचा पुढे नव्हता, ओळीतील साऱ्यांचाच होता. थोरल्या बंधूंनी निराळाच मुद्दा काढला. चातुर्मासात खणती करायची? मातीत किती जीव असतात! कार्तिकी पौर्णिमेनंतर पाहू.

हा मुद्दा मला खोडता येईना. आपल्या घरात पावसाळ्यात जमीन खणण्याचे टाळतात, हे मी लहानपणापासून पाहिले आहे. स्थानकात साध्वीजी विराजमान होत्या. त्यांना विचारावे असे वाटले. पण सावद्य कार्याला त्या होकार देणार नाहीत हे मला ठाऊक होते, आणि तो नकार मिळावा म्हणूनच मी विचारायला निघालो आहे की काय, अशी शंका आली. उंबऱ्यावरून परत फिरलो. त्याच संध्याकाळी प्रतिक्रमणात एका जागी मन अडकले. कृत, कारित, अनुमोदित : स्वतः केलेले, दुसऱ्याकडून करविलेले आणि केलेल्यास संमती दिलेले. हे शब्द मी हजारो वेळा म्हटले असतील. तिसऱ्या शब्दाशी येऊन थांबण्याची वेळ मात्र पहिल्यांदाच आली. ओटा वडिलांनी केला होता. त्यांनी बांधला तेव्हा गटार केवढे होते, खालच्या आळीत घरे किती होती, कोण जाणे. त्यांचा हिशेब मी करणारा कोण? पण त्या ठरावाखाली अनुमोदक म्हणून जे नाव होते, ते माझे होते.

पर्युषणाच्या आदल्या आठवड्यात ओटा फोडला. बंधू त्या दिवशी दुकानात आले नाहीत. दगड निघाले, खाली जुन्या शहाबादी फरशा लागल्या आणि फरशांखाली गाळ. सौभाग्यवतीने मजुरांना गाळ एकदम न उपसता हळूहळू बाजूला घ्यायला सांगितले; ते हसले, पण त्यांनी ऐकले. त्या गाळात काय होते? शांपूच्या पुड्या, बिस्किटांचे कागद, चहाच्या रिकाम्या पिशव्या. सगळा माल ओळखीचा. आम्हीच विकलेला.

दुसऱ्या दिवशी मावशी दुकानात आल्या. रुमालाची गाठ सोडून त्यांनी नोटा गल्ल्यावर ठेवल्या आणि म्हणाल्या, “माझं खातं बंद करा.” मी म्हणालो, “घाई काय आहे, मावशी?” त्या म्हणाल्या, “घाई न्हाई. पण उद्या कुणी म्हणायला नको, उधारी बुडवायला बाई बोलली.” पैसे कोठून आणले हे मी विचारले नाही. खाते बंद केले. एवढ्या वर्षांत एवढी जड रेघ मी मारल्याचे आठवत नाही.

संवत्सरीचे पारणे झाले त्या दिवशी सायंकाळी मी खालच्या आळीत गेलो. माझ्या दुकानापासून ते घर दोनशे पावलांवर आहे. त्या घरात मी कधी गेलो नव्हतो. भिंतीवर मातकट रेघ होती, माझ्या गुडघ्यापेक्षा थोडी वर. मी हात जोडून क्षमा मागितली. त्यांना ती रीत माहीत होती, पण आपल्या दारी कोणी येईल ही अपेक्षा नसावी. त्या गडबडून गेल्या आणि चहा ठेवू लागल्या. मी नको म्हणणार तोच त्यांनी दाराबाहेर पाहिले. “अजून दिवस हाय, शेठ. घ्या. बुडायच्या आत होतंय.”

चहा घेतला.

गटाराचे म्हणाल तर, ते आमच्या दुकानापुढे मोकळे झाले आहे. पुढच्या दोन दुकानांनीही ओटे मागे घेतले. त्यापुढचे ओटे अजून जेथल्या तेथे आहेत आणि पाणी आता तेथे तुंबते. खालच्या आळीत येते, पण पूर्वीइतके नाही. पेठेतील दोघे माझ्याशी अद्याप मोजकेच बोलतात. बंधू बोलतात, परंतु गटाराचा विषय टाळतात. मावशी त्यानंतर सामान रोखीने घेऊ लागल्या. गेल्या दिवाळीत मात्र साखर आणि रवा न्यायला आल्या, तेव्हा “लिहून ठेवा,” असे आपणहून म्हणाल्या.

यंदाच्या सभेची नोटीस लागली आहे. पेठेतील गटार हा विषय पुन्हा आहे, शेवटून दुसरा. परवा शिपाई दुकानावरून जाताना थांबला आणि त्याने विचारले, “शेठ, यंदा रजिस्टर घेऊन येऊ का?” मी म्हणालो, मी सभेतच येतो आहे. तो जरा घुटमळला. “मग शेजारच्यांच्या सह्या तरी घेऊन ठेवाल का?”